मृताची माहिती ही पवित्र ठेव

शास्त्रपाठ : मार्क १५:४२-४७, नीतिसूत्रे ११:१३



तिगावातील एका घरी आम्ही सांत्वनासाठी गेलो होतो. घरधनी शहरातील एका रुग्णालयात वारले होते. त्यांची पत्नी म्हणाली, "भाऊ, हे जाऊन तास झाला नव्हता, तोच एक अनोळखी माणूस डोळे दान कराल का म्हणून विचारायला आला. ह्यांचं नाव, ह्यांचा आजार त्याला सांगितला कोणी?" दानाला तिचा विरोध नव्हता. आपल्या माणसाची गोष्ट आपल्या नकळत परक्याकडे गेली, हे तिला लागले होते. त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. प्रार्थना करून आम्ही परतलो. त्या प्रश्नातूनच हा पाठ निघाला आहे.

१. पिलाताची चौकशी

अरिमथाईकर योसेफाने धैर्याने पिलाताकडे जाऊन प्रभूचे शरीर मागितले. पिलाताने ते लगेच दिले नाही. शताधिपतीला बोलावून मृत्यूची खात्री केली आणि मगच परवानगी दिली. ज्याला नक्की ठाऊक होते त्याला विचारले गेले, आणि त्याने विचारले तेवढेच सांगितले. योसेफाचे मागणेही उघड होते, चोरून नव्हते. शेवटी, प्रभूला कोठे ठेवले हे स्त्रियांनी पाहिले. आपले माणूस कोठे आहे हे जिवलगांना ठाऊक असले पाहिजे.

२. माहिती का दिली जाते?

बुबुळावरचा पारदर्शक पडदा मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत काढावा लागतो. तिगावसारख्या गावाहून नागपूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. दवाखान्याने नेत्रपेढीला वेळेवर कळविले नाही, तर घरच्यांची इच्छा असूनही दान होत नाही.

आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या. ऊती म्हणजे त्वचा, हाड, डोळ्याचा पडदा, हृदयाच्या झडपा इत्यादी. अतिदक्षता विभागातील रुग्णाने पूर्वी दानाची संमती दिली होती काय, हे डॉक्टरांनी विचारावे. दिली नसल्यास 'होय' किंवा 'नाही' म्हणण्याचा पर्याय नातलगांना समजावून सांगावा, असे त्यात आहे. अमेरिकेत तर १९९८ पासून, सरकारी वैद्यकीय योजनेतील रुग्णालयांना प्रत्येक मृत्यू अवयवदान संस्थेला कळवावा लागतो. मात्र दानासाठी मृताची आधीची किंवा कुटुंबाची संमती लागतेच.

आजाराची माहितीही उगाच विचारत नाहीत. एच.आय.व्ही. किंवा 'ब' व 'क' प्रकारची कावीळ दान घेणाऱ्याला होऊ नये, म्हणून रक्त तपासतात आणि आजारांची विचारपूस करतात. हे त्या अनोळखी शेजाऱ्याचे रक्षण आहे.

३. मर्यादा कोठे?

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या आल्डर हे रुग्णालयात मृत मुलांचे अवयव आईबापांना न कळविता ठेवले गेले होते. २००१ साली चौकशीचा अहवाल आला, आणि २००४ साली तेथे नवा कायदा झाला. न विचारता घेतल्याने शोकाकुल घरांची जखम दुसऱ्यांदा उघडी पडली.

दुसऱ्यांकडे बोट कशाला दाखवावे? एका अंत्यविधीत, घरच्यांनी झाकून ठेवलेला आजार आम्हीच प्रार्थनेत बोलून गेलो. त्या घरचे लोक कित्येक महिने उपासनेला आले नाहीत. हेतू चांगला होता, पण ती गोष्ट आमची नव्हती. मृत माणूस स्वतःची अब्रू राखू शकत नाही. म्हणून ती राखणे हे जिवंतांचे काम आहे. जिथे कोणाचा जीव किंवा दृष्टी वाचते, तिथे हवी तेवढीच गोष्ट हव्या त्या माणसाला सांगावी, आणि ती घरच्यांपासून लपवू नये.

४. आपण काय करावे?

जिवंतपणीच घरात बोलावे. दानाची इच्छा असल्यास ती दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावी. त्यांपैकी एक तरी जवळचा नातलग असावा. दवाखान्यात कोणी विचारावयास आल्यास "आपण कोण? माहिती कोणी दिली? पुढे कोणाला देणार?" असे नम्रपणे विचारावे. डोळे दिल्याने पुनरुत्थानाला बाध येत नाही; ज्याने मातीतून मनुष्य घडविला, त्याला काही कठीण नाही. तसेच जो 'नाही' म्हणतो, त्याच्या विश्वासावर कोणी शंका घेऊ नये.

पुढे आम्ही त्या बहिणीला हे सर्व समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरांनी आधी जवळ बसून एवढं सांगितलं असतं, तर मी हो म्हटलं असतं." बंधूंनो, दोन माणसांची दृष्टी त्या एका न सांगितलेल्या शब्दापायी राहून गेली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी प्रश्न :
(१) पिलाताने शताधिपतीला का बोलाविले?
(२) प्रार्थनेची विनंती आणि चहाडी यांत फरक कोणता?
(३) आपल्या मंडळीत आजाऱ्यांची माहिती कोण, कोणाला व किती सांगतो?

प्रभू आम्हांला बोलण्याचे धैर्य आणि मौनाचे शहाणपण देवो. आमेन.