चिल्लरचा भरणा

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाचा खजिनदार असल्यामुळे दानपेटी उघडायचं काम माझ्याकडे असतं. नोटा चटकन मोजून होतात, घोळ घालते ती चिल्लर. शनिवारचं तेल आणि शेंदूर पेटीपर्यंत पोचतोच, त्यामुळे रुपया-दोन रुपयांची नाणी एकमेकांना चिकटून बसलेली असतात. ती तशीच पिशवीत कोंबून नेली तर कॅशियर नाक मुरडणारच. म्हणून आम्ही सोडा टाकलेल्या गरम पाण्यात ती धुतो, गच्चीवर जुन्या धोतरावर वाळवतो आणि मगच बँकेची वाट धरतो.

एवढं करूनही, जिथे देवळाचं खातं आहे त्याच शाखेत उत्तर मिळालं, "काका, हजाराच्या वर चिल्लर घेत नाही. नियम आहे." कुठला नियम, असं विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने नाणे कायद्याचं नाव घेतलं. पोरगा खोटं बोलत नव्हता, अर्धवट बोलत होता. 2011 च्या नाणे कायद्याच्या सहाव्या कलमात हजाराचा आकडा खरंच आहे. एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत, पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत वैध चलन. पण ही मर्यादा देणं फेडताना लागू होते. कुणाचे पाच हजार तुम्ही सगळे नाण्यांत चुकवायला निघालात, तर हजारापुढे तो नको म्हणू शकतो. आपल्याच खात्यात पैसे भरणं ही निराळी गोष्ट. तिथे रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. ग्राहकाकडून बँका कितीही नाणी घेऊ शकतात, असं तिने स्पष्ट केलेलं आहे, आणि शाखांनी नाणी नाकारू नयेत अशी परिपत्रकंही वेळोवेळी निघालेली आहेत.

हे पुराण मी काउंटरवर लावलं नाही. मागे पेन्शनवाल्यांची रांग होती. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो, आणि तिथे मला त्यांचंही गाऱ्हाणं ऐकायला मिळालं. शाखेत कॅशियर एकच, तिजोरी लहान, आत आलेली नाणी पुन्हा बाहेर जात नाहीत, कारण नाण्यांची थैली न्यायला ग्राहक तयार नसतो. गाऱ्हाणं खरं आहे. 2023 मध्ये शिर्डीतल्या काही बँकांनी जागेअभावी साई संस्थानाची नाणी घेणं थांबवल्याची बातमी आली होती, मग आमच्या मारुतीची काय कथा! पण जागा नाही ही अडचण झाली. तिला नियमाचं नाव देऊन ग्राहकाला परत पाठवणं मला मान्य नाही.

तेव्हा चिल्लर भरायची असेल तर आधी किमतीप्रमाणे वेगळी करा आणि शंभर-शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. शंभराच्या पिशव्या घेणं सोयीचं, आणि अशा पिशव्या काउंटरवर ठेवाव्यात, हे रिझर्व्ह बँकेनेच शाखांना सांगितलेलं आहे; मागून बघा. वजनावर मोजायची सोयही परिपत्रकात आहे, पण पेटीतल्या सरमिसळ नाण्यांना ती फारशी उपयोगाची नाही. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा, 2019 च्या मालिकेतला 3.09 चा, आणि जुना जाडजूड पाच रुपयांचा ठोकळा तर 9 ग्रॅमचा. काटा काय सांगणार? महिन्याचे पहिले दिवस आणि सोमवार टाळा, आदल्या दिवशी फोन करा, थोडी थोडी न्या. पैसे भरायच्या मशीनकडे वळू नका, तिथे फक्त नोटा चालतात. काही बँका ठरावीक संख्येपुढच्या नाण्यांवर हाताळणी शुल्क लावतात. तो दर शुल्काच्या तक्त्यात असतो, तोंडी सांगितलेला आकडा मानू नका.

दहाच्या नाण्याबद्दलची अफवा अजून मरत नाही. रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही खरी. 14 प्रकारची नाणी चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच जाहीर केलं आहे.

तरीही नाही म्हणाले, तर भांडू नका, कागद मागा. "नाणी स्वीकारत नाही, हे कारणासह लिहून द्या" असा दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. बहुतेक वेळा अर्जावर शिक्का मारायची वेळ आली की पिशव्या आत घेतल्या जातात, आमच्याही घेतल्या. नाहीच घेतल्या, तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा आणि 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, फीही नाही. पतसंस्थेत खातं असेल तर मात्र हा रस्ता बंद, कारण ती बँक नव्हे.

आता आमची निम्मी चिल्लर बँकेपर्यंत जातच नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला आणि चहावाला सुट्ट्यांसाठी तरसलेले असतात, ते नोटा देऊन पिशव्या नेतात. संस्थेचा पैसा असेल तर अशा अदलाबदलीची वहीत तारखेसह नोंद आणि दोन विश्वस्तांच्या सह्या हव्यातच, नाहीतर ऑडिटर धारेवर धरतो. पन्नास पैसे अजून चलनात आहेत, तेही बांधून द्या. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून बाद झाली. ती पेटीत अजून पडतात. आम्ही ती वेगळ्या डब्यात टाकतो आणि हिशेबात धरत नाही.