गोडाची ओढ आणि वजनाचा काटा

महाराष्ट्रात कोणताही शुभप्रसंग गोडावाचून पुरा होत नाही. सोयरीक जुळली की साखरपुडा, परीक्षेचा निकाल लागला की पेढे, बाळ जन्मले की बर्फी, संक्रांतीला तिळगूळ आणि पाडव्याला श्रीखंड. चांगली बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून ऊस आणि साखर ही या राज्याच्या ग्रामीण समृद्धीचीही खूण बनली. त्यामुळे वजन कमी करू इच्छिणाऱ्या माणसाला जेव्हा ‘गोड बंद करा’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याला केवळ एक पदार्थ सोडावयाचा नसतो. सणवार, पाहुणचार आणि आपुलकी यांच्याशी जोडलेली एक जुनी सवय त्याला मोडावयाची असते. असे प्रयत्न बहुधा का फसतात आणि ते कशाने यशस्वी होऊ शकतात, याचा विचार त्यामुळेच अगत्याचा ठरतो.

प्रश्नाचे गांभीर्य

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाची कारणे अनेक आहेत. अनुवंश, बैठे काम, अपुरा व्यायाम आणि आहारातील एकूण अतिरेक ही त्यांतील प्रमुख होत. केवळ साखर खाल्ल्याने मधुमेह होतो, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि जादा साखरेमुळे उष्मांक वाढतात, उष्मांकांमुळे वजन वाढते आणि वाढलेले वजन, विशेषतः पोटाभोवती साठलेली चरबी, मधुमेहाला वाट करून देते, ही साखळी आता सुस्पष्ट झाली आहे.

या बाबतीत भारतीयांनी अधिक सावध राहण्यास कारण आहे. पुण्याचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपली दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली होती. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ असा एकच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात ते २१.२ टक्के आढळले. भारतीय माणूस दिसण्यात सडपातळ असूनही आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची मर्यादा अधिक कडक धरली जाते. हा निर्देशांक २३ च्या पुढे गेल्यास, किंवा कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांहून अधिक भरल्यास, ती धोक्याची सूचना समजावी.

ओढ कशी निर्माण होते?

गोडाची आवड माणसाला जन्मजात असते. आईचे दूधही गोडसरच असते. गोड चव जिभेला लागताच मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित केंद्रे उद्दीपित होतात आणि ज्या वेळी, ज्या ठिकाणी ते सुख मिळाले, ती वेळ आणि ते ठिकाण मेंदू लक्षात ठेवतो. दुपारी चार वाजता कचेरीत चहा आणि बिस्किटे घेणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशीही चारच्या सुमारास त्यांची आठवण होते. त्या वेळी शरीराला अन्नाची निकड असतेच असे नाही. पुष्कळदा ती निव्वळ सवयीची हाक असते.

दुसरे कारण खरीखुरी भूक हे होय. सकाळची न्याहारी टाळून आणि दुपारी अर्धपोटी राहून वजन उतरविण्याचा प्रयत्न करणाऱ्याला सायंकाळी गोडाची ओढ अनावर होते, यात नवल नाही. उपाशी शरीर झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थांकडेच धाव घेते. तिसरे कारण अपुरी झोप. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ निरोगी तरुणांवर एक प्रयोग करण्यात आला. दोन रात्री केवळ चार तास झोप मिळाल्यावर त्यांच्या रक्तातील भूक वाढविणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले आणि तृप्तीची जाणीव देणारे ‘लेप्टिन’ १८ टक्क्यांनी घटले. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची इच्छा त्यांच्यात विशेष बळावली. रात्रपाळीचे कामगार, लहान मुलांच्या माता आणि परीक्षार्थी यांनी हा निष्कर्ष ध्यानी घ्यावा, असा आहे. मनावरील ताण हे चौथे कारण. शिणलेले मन विसावा शोधते आणि गोड पदार्थ हा सर्वांत स्वस्त नि हाताशी असलेला विसावा असतो.

तेव्हा गोडाची ओढ म्हणजे चारित्र्यातील दुबळेपणा नव्हे. भूक, झोप, सवय आणि ताण यांचा तो परिपाक असतो आणि म्हणून उपायही तेथेच करावा लागतो.

संपूर्ण बंदीचा फसवा मार्ग

उदाहरणादाखल एका मध्यमवयीन शिक्षिकेचा विचार करू. डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितल्यावर ती पाडव्याच्या मुहूर्तावर सर्व गोड पदार्थ सोडते. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या बारशाचे पेढे घरी येतात. ती सर्वांदेखत ते नाकारते आणि रात्री स्वयंपाकघर आवरताना एकटीच उभ्या-उभ्या चार पेढे खाते. मग मनात येते, ‘व्रत मोडलेच, तर आता कशाला जपायचे?’ त्यानंतरचे चार दिवस बेबंद खाण्यात जातात आणि अखेरीस ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असे ठरवून ती आहाराची सारी पथ्येच सोडून देते.

येथे चार पेढ्यांनी जेवढी हानी केली, त्याहून मोठी हानी त्या शेवटच्या निष्कर्षाने केली. एका चुकीला संपूर्ण पराभव मानण्याची ही वृत्ती वजन उतरविण्याच्या प्रयत्नांतील एक मोठा अडथळा आहे. ज्या पदार्थावर कडक बंदी घातली जाते, त्याचेच विचार मनात अधिक घोळतात. चोरून खाल्लेल्या गोडाने धड तृप्तीही होत नाही, उलट अपराधी भावना मात्र वाढते.

हिशेब काय सांगतो?

खरा प्रश्न सणाच्या ताटातील गोडाचा आहे की रोजच्या कपातील साखरेचा, हे साध्या अंकगणिताने तपासता येईल. एक चमचा साखर सुमारे ५ ग्रॅम भरते आणि प्रत्येक ग्रॅममधून ४ उष्मांक मिळतात. दिवसातून पाच कप चहा घेणारी आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालणारी व्यक्ती दररोज ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० उष्मांक, केवळ चहातून घेते. वर्षाकाठी ही साखर १८ किलोग्रॅमांहून अधिक होते. याउलट तीच व्यक्ती वर्षातील सहा सणांना दोन-दोन पुरणपोळ्या खात असेल आणि प्रत्येक पोळीत ४० ग्रॅम गूळ आहे असे धरले, तरी वर्षाचा गूळ ४८० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी भरतो. पुरणपोळीवर पडणारे तूप आणि दिवाळीनंतर आठवडाभर चालणारा फराळ यांचा हिशेब वेगळा करावा लागेल, हे खरे. तथापि सणाला बोल लावून चहाला मोकळे सोडणे न्याय्य नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, वरून घातलेली साखर तसेच मध, पाक आणि फळांचे रस यांतील साखर मिळून एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ती ५ टक्क्यांहून खाली आणता आल्यास अधिक उत्तम. २,००० उष्मांकांचा आहार घेणाऱ्यासाठी ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. म्हणजे वरील व्यक्ती चहातच पहिली मर्यादा गाठते. त्यात बिस्किटे, जाम, टोमॅटो सॉस आणि शीतपेये यांतील साखरेची भर पडते. अनेक शीतपेयांत दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर असते. शिवाय पेयातून पोटात गेलेल्या उष्मांकांनी भूक फारशी शमत नाही, त्यामुळे जेवण तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही.

चहातील साखर निम्मी केल्यास दररोज १०० उष्मांक वाचतात. एक किलोग्रॅम शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. तेव्हा दुसऱ्या खाण्याने ही बचत भरून काढली नाही, तर अडीच महिन्यांत एक किलोग्रॅमच्या आसपास चरबी घटू शकते. पुढे शरीराचा खर्चही कमी होत असल्याने हा वेग मंदावतो. तरीही उपाशी न राहता झालेली ही प्राप्ती लहान म्हणता येणार नाही.

काही गैरसमज

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्यास वजन वाढत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. गुळात लोहासारखी काही खनिजे अल्प प्रमाणात असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच असून त्याचे उष्मांक साखरेच्या जवळपासच आहेत. मधाची गोष्टही फारशी निराळी नाही. चवीसाठी गूळ अवश्य वापरावा, पण त्याला मोजमापातून सूट देऊ नये.

कृत्रिम गोडी आणणाऱ्या गोळ्या हाही दीर्घकालीन उपाय नव्हे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे अशांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या मतानुसार चालावे.

फळांबाबत मात्र उलट चूक होते. साखरेच्या भीतीने अनेक जण फळे सोडतात. अख्ख्या फळात तंतुमय भाग आणि पाणी असल्याने ते पोट भरते. पेरू, संत्रे, पपई यांसारखे एखादे फळ गोडाची इच्छा भागविण्याचा उत्तम मार्ग आहे. रस गाळून पिण्यापेक्षा फळ चावून खावे.

आचरणात आणावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे चहातील साखर एकदम बंद न करता दर पंधरवड्यास अर्ध्या चमच्याने कमी करावी. जिभेला हळूहळू कमी गोडीची सवय होते आणि पूर्वीचा चहा पुढे पाकासारखा वाटू लागतो. दुसरी गोष्ट, तिन्ही वेळचे जेवण वेळेवर व पोटभर असावे. त्यात डाळ, उसळ, दही, अंडी अशी प्रथिने आणि भरपूर भाज्या असाव्यात. दुपारच्या भुकेला बिस्किटांऐवजी फुटाणे किंवा मूठभर शेंगदाणे जवळ ठेवावेत.

तिसरी गोष्ट अशी की, ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठातील प्रयोगांत पंधरा मिनिटे भरभर चालल्याने चॉकलेट खाण्याची इच्छा कमी झाल्याचे आढळले. तेव्हा डब्याकडे हात जाण्यापूर्वी एक फेरी मारून यावी. चौथी गोष्ट, गोडाचा डबा नजरेआड असावा आणि वेष्टनावरील मजकूर वाचण्याची सवय लावावी. २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावरील पोषणविषयक माहितीत एकूण साखर आणि वरून घातलेली साखर यांचे आकडे द्यावे लागतात.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गोड खावयाचे तेव्हा ते ताटात वाढून घेऊन, बसून, चार माणसांत, जेवणाबरोबर खावे. आपल्या पूर्वापार पंगतीत पक्वान्न वरण-भात, भाजी, कोशिंबीर यांच्या सोबतीने येत असे. अशा जेवणातील डाळ आणि भाज्या साखरेच्या शोषणाचा वेग मंद करतात. वाटी मात्र लहान असावी. श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर घालण्याची रीत अनेक घरी आहे, हे ध्यानात ठेवून दुसरी वाढ टाळावी.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आहारात अचानक मोठी कपात करू नये. रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचा संभव असतो. त्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भवती स्त्रियांनीही तसेच करावे.

आग्रहाचे नवे वळण

गोडावर ताबा मिळविणे हे एकट्या माणसाचे काम नाही. महाराष्ट्रीय पाहुणचारात आग्रहाला मानाचे स्थान आहे. ‘एक जिलेबी माझ्याखातर’ या शब्दांपुढे भल्याभल्यांचा निश्चय ढळतो. एके काळी साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळत असे. पक्वान्न वर्षातून मोजक्या दिवशीच घडे, तेव्हा हा आग्रह म्हणजे दुर्मीळ वस्तू दुसऱ्याला देण्याचे औदार्य होते. आता गल्लोगल्ली मिठाई मिळते आणि पंचांगाने गोडाला घातलेली मर्यादा सुटली आहे. अशा वेळी पाहुण्याला ‘चहात साखर किती?’ असे आधी विचारणे आणि त्याच्या नकाराचा मान राखणे, हेच खरे अगत्य ठरेल. कचेऱ्यांच्या बैठकांत बिस्किटांऐवजी फुटाणे आणि फळे ठेवता येतील. शाळेत वाढदिवसाला चॉकलेटऐवजी एखादे पुस्तक किंवा पेन्सिल वाटता येईल. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. मुलांच्या सवयी घडण्याच्या वयातच हा विषय त्यांच्यापुढे येणे उपकारक आहे.

वर उल्लेखिलेल्या शिक्षिकेला गोडाचा त्याग करण्याची गरज नव्हती. बारशाचा एक पेढा तिने सर्वांबरोबर बसून, आनंदाने खाल्ला असता आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचा आहार पुढे चालू ठेवला असता, तर तिचे काहीच बिघडले नसते. साखरेला रोजच्या कपातून हळूहळू काढून पुन्हा सणाच्या ताटात नेऊन बसविणे, एवढाच या साऱ्याचा अर्थ आहे. तसे झाले तर वजनाचा काटाही खाली येईल आणि पाडव्याच्या श्रीखंडाची गोडीही कायम राहील.