छोटी मोटार, मोठी शर्यत

इंग्लंडात जॉन कूपर हे शर्यतीच्या मोटारी बांधत. १९५९ साली तिथे मिनी नावाची छोटी मोटार निघाली. तिची ताकद ३४ घोड्यांची. कूपर यांनी ती चालवून पाहिली. वळणावर ती रस्ता सोडीना! त्यांना वाटले, ही शर्यतीत पळेल. पण ती घरच्या वापराची गाडी. तिचे रचनाकार इसिगोनिस यांना हे पटेना. कूपर थेट मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी होकार दिला.

१९६१ साली ‘मिनी कूपर’ आली. इंजिन वाढवले. ताकद ५५ घोड्यांची झाली. पण जोरात पळणारी गाडी वेळेवर थांबलीही पाहिजे. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क-ब्रेक लावले. हे ब्रेक चाकाबरोबर फिरणारी तबकडी चिमट्यात धरतात.

१९६४ साली तिच्याच धाकट्या बहिणीने, ‘मिनी कूपर एस’ने, मॉन्टे कार्लोची अवघड शर्यत जिंकली.

वेग वाढवा, पण आधी ब्रेक पाहा.