वेषाची भाषा

रंगभूमीवर किंवा रुपेरी पडद्यावर एखादे पात्र प्रवेश करते, तेव्हा तोंडातून पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच ते प्रेक्षकांशी बोलू लागलेले असते. डोक्यावरचे पागोटे, अंगातील बंडी, धोतराचा काठ, पायांतील वहाणा ही सारी त्या पात्राचा गाव, व्यवसाय, काळ आणि सांपत्तिक स्थिती सांगत असतात. ही मूक भाषा लिहिणारा कलावंत म्हणजे वेषभूषाकार. त्याचे नाव पडद्यावर क्षणभरच झळकते. त्याचे काम मात्र चित्रपट संपेपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर असते. भारतातील अशा कलावंतांमध्ये भानू अथैय्या यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

भानूबाईंचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब हे चित्रकार होते. कोल्हापूर ही कलावंतांची नगरी. तेथे बाबूराव पेंटर यांच्यासारख्या कुंचला धरणाऱ्या हातांनीच चित्रपटाचाही पाया घातला. भानूबाईंचे पितृछत्र लहानपणीच हरपले. परंतु वडिलांकडून मिळालेली रेषेची आणि रंगांची ओढ कायम राहिली. पुढे मुंबईस येऊन त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि सुवर्णपदक मिळविले. १९५३ साली ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ या नामवंत चित्रकारांच्या मंडळाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. एका तरुण चित्रकर्तीला याहून मोठा मान तो कोणता मिळावा?

परंतु त्यांच्या आयुष्याने निराळे वळण घेतले. स्त्रियांच्या एका नियतकालिकासाठी त्या पोशाखांची चित्रे काढीत असत. त्याच्या संपादिकेने वस्त्रांचे दुकान काढले, तेव्हा कागदावरचा पोशाख कापडातून प्रत्यक्ष उतरवून पाहण्याची संधी भानूबाईंना लाभली. त्यांचे कौशल्य पाहून चित्रपटातील अभिनेत्री त्यांच्याकडे येऊ लागल्या आणि १९५३ च्या सुमारास त्यांनी चित्रपटसृष्टीत पाऊल टाकले. चित्रकाराचे चित्र भिंतीवर टांगले जाते, त्याखाली त्याची सही असते. वेषावर सही नसते. ज्याचा त्याग करावयाचा ते आणि जे स्वीकारावयाचे ते, यांतील हे अंतर लहान नव्हते. तरीही भानूबाईंनी आपली चित्रदृष्टी या नव्या कामात ओतली आणि पुढील अर्धशतकात शंभराहून अधिक चित्रपटांतील पात्रांना वेष दिला.

त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. १९६६ साली प्रदर्शित झालेल्या ‘आम्रपाली’ या चित्रपटाची कथा प्राचीन वैशाली नगरीत घडते. त्या काळचे एकही वस्त्र आज शिल्लक नाही. मग ते पाहावयाचे कोठे? भानूबाई अजिंठ्याच्या लेण्यांकडे वळल्या. तेथील भिंतींवर राजे, राण्या, दासी आणि नर्तकी शतकानुशतके उभ्या आहेत. ही चित्रे कथेतील काळानंतरची असली, तरी वस्त्राला फारशी शिवण न घालता ते कसे गुंडाळावे, चुण्या कोठे पाडाव्या, अलंकार कोठे शोभतात, हे त्यांतून डोळसपणे पाहणाऱ्याला उमगते. लेण्यांतील स्थिर आकृतींचा वेष नृत्य करणाऱ्या अभिनेत्रीच्या अंगावर जसाच्या तसा टिकणार नाही. म्हणून नुसती नक्कल उपयोगाची नसते. चित्रातील डौल राखून वस्त्र हालचालीला अनुकूल करावे लागते.

त्यांची खरी कसोटी लागली ती रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेळी. या चित्रपटात १८९३ ते १९४८ असा दीर्घ काळ येतो. या पंचावन्न वर्षांत गांधीजींचा वेष त्यांच्या विचारांबरोबर बदलत गेला. दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या डब्यातून बाहेर लोटला गेलेला तरुण बॅरिस्टर पाश्चात्त्य पोशाखात होता. १९१५ साली मुंबईच्या बंदरात उतरले ते काठेवाडी पोशाखातील गांधी. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी दरिद्री देशबांधवांप्रमाणे केवळ पंचा नेसण्यास आरंभ केला. अंगावरील वस्त्र कमी होत गेले आणि माणसाची उंची वाढत गेली. वेषभूषाकाराने येथे एक काठ चुकविला, तर इतिहासच चुकला असता.

शिवाय गांधीजींच्या भोवती साऱ्या भारताचा जनसागर होता. चंपारण्यातील शेतकरी, अमृतसरच्या जालियनवाला बागेत जमलेली माणसे, दांडीयात्रेतील सत्याग्रही या सर्वांना एकाच प्रकारचे कपडे देऊन कसे चालेल? पंजाबातील पगडी आणि बिहारातील मुंडासे निराळ्या रीतीने बांधले जाते. नव्या कोऱ्या कापडाला दारिद्र्याचा रंग चढत नाही. ते पुन्हा पुन्हा धुऊन, घासून, विटवून घ्यावे लागते, तेव्हा कोठे ते कुणाच्या तरी अंगावर वर्षे काढल्यासारखे दिसते. ११ एप्रिल १९८३ रोजी या कामाबद्दल भानू अथैय्या यांना जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पुरस्कार देण्यात आला. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

या यशानंतरही त्यांनी विश्रांती घेतली नाही. ‘लेकिन’ (१९९०) आणि ‘लगान’ (२००१) या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘लगान’मधील लोहार, कुंभार आणि लाकूडतोड्या एकाच गावचे, एकाच दुष्काळाने गांजलेले, तरी प्रत्येकाचा वेष त्याचा स्वतःचा आहे. त्यांच्यासमोर इंग्रज छावणीचे कडक इस्तरीचे गणवेश उभे राहिले, की संघर्ष कोणाकोणात आहे हे सांगण्यासाठी संवादाची गरजच उरत नाही.

उतारवयात भानूबाईंना एकच चिंता होती. आपल्या पश्चात ती सोनेरी पुतळी सुरक्षित राहील काय? २०१२ साली त्यांनी ती पुरस्कार देणाऱ्या अकादमीकडेच जतनासाठी सुपूर्द केली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

‘गांधी’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावर पंचा दिसत नाही, गांधीजी दिसतात. वेषभूषाकाराचे काम जितके सरस, तितके ते नजरेआड होते. स्वतःकडे लक्ष न वेधता सत्य उभे करणारी ही कला भानूबाईंनी आयुष्यभर निष्ठेने जोपासली.

स्वाध्याय

१. वेषभूषाकाराच्या कामाला ‘मूक भाषा’ असे का म्हटले आहे?
२. ‘आम्रपाली’साठी भानूबाईंना अजिंठ्याच्या चित्रांचा कसा उपयोग झाला?
३. ‘अंगावरील वस्त्र कमी होत गेले आणि माणसाची उंची वाढत गेली.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीचा पोशाख नीट पाहा. त्यावरून तिच्याविषयी काय काय समजते ते दहा ओळींत लिहा.