वहीत न चढलेला ड्रायव्हर

जानेवारी 2019 मधली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला फोन वाजला. मी ज्या सहकारी साखर कारखान्याचे सर्व्हर सांभाळत होतो, तिथल्या संगणक विभागातला रात्रपाळीचा मुलगा बोलत होता. "सर, यूपीएस बसला हुता. लाइट आली, मशीन चालू झालंय, पण पुढं काय जाईना. काट्याच्या पावत्या बंद हाईत." त्याच्या आवाजामागे ट्रॅक्टरांची घरघर ऐकू येत होती.

गाळप हंगामात काट्याच्या पावत्या थांबणं म्हणजे काय, हे उसाच्या पट्ट्यात कोणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. उसाची गाडी आधी भरलेली तोलतात, गव्हाणीत ऊस उतरला की रिकामी तोलतात. दोन्ही वजनांतला फरक हा शेतकऱ्याचा ऊस, आणि त्याच आकड्यावर त्याचं बिल. तोडलेला ऊस गाडीत उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उताराही उतरतो. रांगेतला प्रत्येक तास शेतकऱ्याच्या खिशातून जातो. तोडणीची माणसं गाडीखाली थंडीत कुडकुडत बसतात, ती वेगळीच.

अडीचला मी पोचलो. स्क्रीनवर सर्व्हर देखभालीसाठी रूटचा पासवर्ड मागत थांबला होता. त्याच्या वर लाल अक्षरांत ओळ होती, की डेटाची डिस्क दीड मिनिट वाट पाहूनही सापडली नाही. सिस्टिमच्या डिस्क वेगळ्या होत्या, त्या व्यवस्थित होत्या. डेटाबेस होता बाहेरच्या डिस्कपेटीवर, आणि ती पेटी एका कंट्रोलर कार्डाने जोडलेली. यूपीएस बसला, विजेचा झटका आला, कार्ड जळलं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. कार्ड काढलं, पट्टी पुसली, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं, केबल बदलली. असा सर्व्हर दर वेळी सुरू होताना मेमरी तपासत पाच-सात मिनिटं खातो. काट्याचा डिस्प्ले चालू होता म्हणून कारकुनांनी हाताने पावत्या लिहायला घेतल्या, पण रांग वाढतच होती.

चार वेळा रीस्टार्ट केलं. चारही वेळा कार्डाने स्वतःची माहिती स्क्रीनवर दाखवली होती, की सगळ्या डिस्क उत्तम स्थितीत आहेत. जळलेलं कार्ड असं काही सांगत नाही. मी ती ओळ चार वेळा पाहिली आणि एकदाही वाचली नाही. पावणेपाचला, थकून, त्या मुलाला म्हणालो, स्क्रीनवर वरपासून काय काय येतंय ते मोठ्याने वाच. त्याने कर्नलचा आकडा वाचला, 3.10.0-957. तिथे मला लख्ख दिसलं. ऑगस्टमध्ये मी ड्रायव्हर बसवला तेव्हा कर्नल 862 होता.

पुढच्या वेळी ग्रबच्या यादीतून जुना 862 निवडला. डिस्क आली, डेटाबेस उठला, काट्यावर पहिली छापील पावती निघाली. म्हणजे सव्वादोन तास मी ज्या कार्डाशी झटत होतो त्याला काहीच झालेलं नव्हतं. एक आकडा वेळेवर वाचला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

आता ऑगस्टमध्ये काय घडलं ते सांगतो, कारण खरी चूक तिथली आहे. कार्ड नवं होतं आणि सेंटओएस 7 ते ओळखत नव्हतं. कार्डाबरोबर कंपनीने एक झिप फाइल दिली होती. आत ड्रायव्हरचा सोर्स कोड आणि एक स्क्रिप्ट. रूट म्हणून स्क्रिप्ट चालवली, तिने कोड कंपाइल केला, तयार मॉड्यूल चालू कर्नलच्या फोल्डरात ठेवलं, आणि डिस्क दिसू लागल्या. दहा मिनिटांत काम झालं. डिसेंबरमध्ये सेंटओएस 7.6 आलं. मी नेहमीप्रमाणे यम या पॅकेज मॅनेजरने अपडेट केलं, त्यात कर्नल 957 चढला. हंगाम ऐन भरात होता, म्हणून रीस्टार्ट केलं नाही. महिनाभराहून अधिक काळ मेमरीत जुना कर्नल धावत होता आणि डिस्कवर नवा कर्नल आपल्या पाळीची वाट पाहत होता. नव्याच्या फोल्डरात माझा ड्रायव्हर नव्हताच. चूक ऑगस्टमध्ये झाली, ती दिसली जानेवारीत. या कामातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. बसवण्यातली चूक बसवताना दिसत नाही, ती दिसते पुढच्या रीस्टार्टला. तोवर बसवणाऱ्याच्या मनातून ती पुसली गेलेली असते, किंवा तो नोकरी सोडून गेलेला असतो.

हे असं का होतं, ते थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण हे कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ड्रायव्हरचं मॉड्यूल एका ठरावीक कर्नलसाठी घडवलेलं असतं. घरच्या लिनक्सवर कर्नल भराभर बदलतो. एंटरप्राइज लिनक्सची रीत निराळी आहे. सेंटओएस ज्यावरून घडवलं जाई त्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या 7 मध्ये शेवटपर्यंत 3.10, 8 मध्ये 4.18, 9 मध्ये 5.14 हाच मूळ कर्नल. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नव्या हार्डवेअरचा आधार पुढच्या कर्नलांतून मागे आणून त्यात जोडतात. त्यामुळे 3.10 हा आकडा पाहून कर्नल जुनाट आहे असं समजू नये, त्यात बरंच नवं असतं. शिवाय कर्नलमधल्या काही ठरावीक फंक्शनांची यादी रेड हॅट जाहीर करतं. 7 मध्ये त्या मोठ्या आवृत्तीच्या आयुष्यात ती बदलणार नाहीत असा शब्द त्याने दिला होता, 9 मध्ये तो एका छोट्या आवृत्तीपुरताच आहे. यालाच केएबीआय म्हणतात. ड्रायव्हर एवढ्याच फंक्शनांवर उभा असेल आणि केमॉड प्रकारच्या आरपीएम पॅकेजमधून आला असेल, तर नवा कर्नल चढताच सिस्टिम तपासते की हा जुना ड्रायव्हर यालाही चालेल का, आणि चालत असेल तर नव्या कर्नलच्या फोल्डरात त्याचा दुवा स्वतःच घालते. माझा ड्रायव्हर पॅकेजमधून आलाच नव्हता. आरपीएमच्या वहीत त्याचं नाव नव्हतं, मग त्याची काळजी कोण घेणार?

म्हणून ड्रायव्हर बसवायच्या आधी मी आता एक पायरी कधीच सोडत नाही. एलएसपीसीआय ही कमांड एनएन आणि के या पर्यायांसह चालवली की प्रत्येक कार्डाचा ओळख क्रमांक दिसतो, आणि कोणता ड्रायव्हर त्याला धरून आहे तेही. डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका, एकाच नावाच्या कार्डात आत वेगवेगळ्या चिप असतात. क्रमांक मिळाला की आधी पाहायचं, की सिस्टिम अद्ययावत केल्यावर वितरणातलाच ड्रायव्हर ते कार्ड उचलतो का. बऱ्याचदा उचलतो, आणि काम तिथेच संपतं. नाही उचललं तर ईएलरेपो पाहायचा. हार्डवेअरच्या ड्रायव्हरांसाठीच ही रेपॉझिटरी चालवली जाते आणि तिथे ओळख क्रमांकावरून केमॉड पॅकेज शोधता येतं. कार्ड बनवणारी कंपनी तुमच्या आवृत्तीसाठी आरपीएम देत असेल तर ते घ्यावं. फक्त सोर्स कोडच हातात असेल तर डीकेएमएस वापरावं. ते ईपेल या रेपॉझिटरीत मिळतं आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा घडवतं. त्यासाठी सर्व्हरवर कंपायलर आणि त्या त्या कर्नलचं डेव्हल पॅकेज लागतं. डेव्हल पॅकेज चढलं नाही तर मॉड्यूल घडत नाही, आणि तुम्ही पुन्हा माझ्या जानेवारीत येऊन उभे राहता. म्हणून मला सर्व्हरवर केमॉडच पसंत आहे. अपडेटनंतर, रीस्टार्टच्या आधी, नव्या कर्नलच्या फोल्डरात आपलं मॉड्यूल किंवा त्याचा दुवा आहे का हे डोळ्यांनी पाहावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मोठी आवृत्ती बदलताना तर दुप्पट सावध राहा. 7 वरून 8 वर जाताना रेड हॅटने बरीच जुनी स्टोरेज कार्डं आधारातून काढली. कालपर्यंत सुरळीत चाललेला सर्व्हर, आणि आज इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, असं होतं. अशा वेळी ईएलरेपोची ड्रायव्हर अपडेट डिस्क पेन ड्राइव्हवर घेऊन, बूटच्या ओळीत आयएनएसटी डॉट डीडी हा पर्याय देऊन ती इन्स्टॉलरला दाखवावी लागते. सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 ला संपला. अजूनही कित्येक पतसंस्था, कॉलेजं, कारखाने त्यावर आहेत आणि रॉकी किंवा अल्मा लिनक्सकडे निघालेत. त्यांनी निघण्याआधी आपल्या कार्डांचे क्रमांक लिहून काढावेत आणि ते नव्या आवृत्तीत आहेत का हे बघावं, एवढी कळकळीची विनंती आहे.

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही, लागणारी की उपलब्ध नाही असं सांगून परत पाठवतो. इथे पुष्कळजण सिक्युअर बूटच बंद करतात. तसं करू नका. मॉड्यूलवर सही करणारी की मोकयुटिलने नोंदवता येते. मात्र पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते आणि थोड्याच सेकंदांत कोणीतरी तिथे बसून ती की मान्य करावी लागते. एसएसएचवरून हे होत नाही. स्क्रीनसमोर माणूस हवा, किंवा सर्व्हरचा रिमोट कन्सोल हवा, आणि हे आधी ठरलेलं हवं.

ड्रायव्हरला जे लागू ते सॉफ्टवेअरलाही. एका कॉलेजात कोणाला तरी नवं पायथन हवं होतं, म्हणून सेंटओएस 7 वरची पायथनची लिंकच 3 कडे वळवली. यम स्वतः पायथन 2 वर चालतं, ते त्या क्षणी बंद पडलं, आणि दुरुस्तीचं पॅकेज घ्यायलाही वाट उरली नाही. सिस्टिमचं पायथन सिस्टिमचं आहे, आपल्या प्रोग्रॅमसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं. आरपीएमला फोर्स आणि नोडेप्स सांगणं म्हणजे भांडण मिटवणं नव्हे, ते पुढच्या अपडेटवर ढकलणं आहे. बाहेरची रेपॉझिटरी जोडली तर ती एरवी बंद ठेवावी, गरजेपुरती उघडावी, आणि तिच्यातून कोणती पॅकेजं घ्यायची ते नावानिशी बांधून द्यावं. नाहीतर एक दिवस तीच तुमच्या मूळ लायब्ररी बदलून टाकते. पॅकेजच्या सहीची तपासणी बंद करायला सांगणारी कोणतीही पुस्तिका बाजूला ठेवा. एसईलिनक्स बंद करा म्हणणारीही. नोंदवहीत काय अडलं ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा एका फोल्डरचं लेबल चुकलेलं असतं, तेवढं दुरुस्त केलं की चालतं. आणि पॅकेजमधून आलेल्या गोष्टीचा एक मोठा आधार असा, की यमची किंवा नव्या आवृत्तीत डीएनएफची हिस्टरी पाहिली की कोणत्या दिवशी काय चढलं ते दिसतं, आणि बऱ्याचदा ते उलटं फिरवताही येतं. स्क्रिप्टने पसरलेल्या फायली कोण गोळा करणार?

त्या रात्रीबद्दल एक गोष्ट मला बराच काळ छळत होती. डेटाची डिस्क नसली तरी सर्व्हर थांबू नये, अशी सोय एफएसटॅबमध्ये नोफेल या शब्दाने करता येते. ती केली असती तर एसएसएच उठलं असतं आणि मी घरूनच जुना कर्नल निवडून दिला असता. पण विचार केल्यावर अंगावर काटा आला. सेंटओएस 7 वरचा मारियाडीबी सुरू होताना डेटाचं फोल्डर रिकामं दिसलं तर तिथे नवा कोरा डेटाबेस मांडतो. नुसतं नोफेल असतं तर काटा सुरू झाला असता का, किती पावत्या भलत्याच ठिकाणी गेल्या असत्या, कोणाचं वजन कुठे हरवलं असतं, कोण जाणे. सर्व्हर थांबला हेच बरं झालं. आता मी नोफेल घालतो, पण सिस्टिमडीत डेटाबेसच्या सर्व्हिसला बजावून ठेवतो, की ती डिस्क माउंट झाल्याशिवाय उठायचं नाही. दोन्ही एकत्रच करायचं, एकेकटं नाही.

रीस्टार्टचं म्हणाल, तर काही बसवलं की त्याच दिवशी, सगळे जागे असताना, सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा. हंगामामुळे जमणार नसेल तर कर्नलचं अपडेटही त्या दिवशी नको, पुढे घ्यावं. अपडेट करून रीस्टार्ट टाळणं हा मधला मार्ग दिसतो सोपा, पण सगळ्यात वाईट तोच. नीड्स-रीस्टार्टिंग नावाची छोटी कमांड आहे, ती सांगते की रीस्टार्ट राहिलंय का. दर सोमवारी तिचं उत्तर मी वाचतो.

त्या कारखान्यात आता बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी एक दिवस सर्व्हरसाठी राखून ठेवलेला असतो. त्या दिवशी यूपीएसचा खटका मुद्दाम पाडतात. सर्व्हर खाली जातो, पुन्हा उठतो. रात्रपाळीचा तोच मुलगा, आता विभागाचा प्रमुख, स्क्रीनवरचा कर्नलचा आकडा मोठ्याने वाचतो, मग कार्डाच्या ड्रायव्हरचं पॅकेज आणि त्याची आवृत्ती. कोणी बसवलं, कधी, कुठून, हे काट्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या वहीत मी माझ्या हाताने लिहितो आणि खाली तो सही करतो.