ई-पुस्तक, किंमत आणि लेखकाचे स्वामित्वधन

मराठी पुस्तकांच्या अनधिकृत पीडीएफ प्रतींविषयी सामान्यतः दोन भूमिका मांडल्या जातात. पुस्तके महाग असल्यामुळे वाचक नाइलाजाने अशा प्रतींकडे वळतो, ही एक. अशी प्रत म्हणजे निव्वळ चोरी, ही दुसरी. दोन्ही भूमिकांत पुस्तकाची किंमत आणि लेखकाचे मानधन हे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे करून पाहिल्यास मूळ प्रश्न लेखक-प्रकाशक कराराचा आहे, असे दिसून येते.

प्रथम, अनधिकृत कशास म्हणावे हे निश्चित केले पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील लेखकाच्या मृत्यूनंतरची ५० वर्षांची मुदत १९९२ च्या दुरुस्तीने ६० वर्षे झाली. मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून ती मोजली जाते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; म्हणून 'श्यामची आई'ची मूळ संहिता २०११ च्या प्रारंभापासून सर्वांना खुली आहे. तिची मोफत प्रत हा ग्रंथप्रसारच होय. पु. ल. देशपांडे यांचे निधन २००० सालचे. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क २०६० अखेरपर्यंत अबाधित आहे. पडद्यावर मात्र दोन्ही प्रती सारख्याच दिसतात.

आता किमतीचा विचार करू. समजा, ३०० रुपयांच्या छापील पुस्तकावर लेखकास दहा टक्के, म्हणजे ३० रुपये स्वामित्वधन मिळते. उरलेल्या रकमेत कागद, छपाई, बांधणी, साठवण, विक्रेत्याचे कमिशन आणि प्रकाशकाचा वाटा येतो. त्याच पुस्तकाची ई-आवृत्ती १२० रुपयांस विकून लेखकास २५ टक्के दिल्यास त्यास तेवढेच ३० रुपये मिळतील. दहाच टक्के कायम ठेवल्यास केवळ १२. म्हणजेच लेखकाचे उत्पन्न किमतीइतकेच करारातील टक्केवारीवर अवलंबून असते. 'लेखकाला मिळतेच किती?' हा अनधिकृत प्रतीचा बचाव म्हणूनच टिकत नाही. जे थोडे मिळते तेही ती प्रत काढून घेते. परंतु त्या प्रश्नातील तथ्य प्रकाशनव्यवसायास नाकारता येणार नाही.

या दृष्टीने कायद्याचे कलम १९ महत्त्वाचे आहे. लेखकाच्या सहीच्या लेखी दस्तऐवजाशिवाय हक्काचे हस्तांतरण वैध ठरत नाही. १९९४ ची दुरुस्ती अमलात आल्यानंतरच्या हस्तांतरणात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षेच मानली जाते. केवळ शब्दावर विसंबलेल्या किंवा त्रोटक पत्रावर आधारलेल्या व्यवहारांत अनेक हक्क लेखकाकडेच राहिलेले अथवा परत आलेले असण्याचा संभव त्यामुळे मोठा आहे.

याचा सर्वाधिक संबंध दुर्मिळ झालेल्या पुस्तकांशी येतो. अभ्यासक्रमात नेमलेला ग्रंथ बाजारात मिळतच नाही, तेव्हा विद्यार्थ्याची अडचण किमतीची नसून उपलब्धतेची असते. आणि ती पोकळी अनधिकृत प्रत भरून काढते. लेखकाने वा वारसांनी आपले करार तपासून अशा ग्रंथांच्या अल्पमोली ई-आवृत्त्या काढल्यास वाचकास वैध प्रत आणि हक्कधारकास मोबदला, असे दोन्ही साधेल. मराठीच्या अभ्यासकांनी ग्रंथाच्या आवृत्त्यांबरोबर त्यामागील करारांचाही अभ्यास करणे यासाठी अगत्याचे आहे.