अंडी देऊन थकलेल्या कोंबडीचा इटालियन रस्सा

घरी चारदोन कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबापुढे दीड-दोन वर्षांनी एक प्रश्न हटकून उभा राहतो. कोंबडीचे अंडी देण्याचे मान घटते; तिचा खुराक मात्र घटत नाही. अंड्यावरील जातीची कोंबडी दररोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे अंडे न देणारी एक कोंबडी महिन्याकाठी सव्वातीन किलो खाद्य फुकट खाते. अशी कोंबडी वेळीच काढून टाकणे हिताचे असते. परंतु तिचे मांस चिवट म्हणून बाजारात तिला भाव येत नाही आणि घरात ती कोणी आवडीने खात नाही. हे मांस मऊ व रुचकर करण्याची एक सोपी रीत प्रस्तुत लेखात दिली आहे.

कोणती कोंबडी काढावी?

केवळ वयावरून निर्णय घेऊ नये. अंडी देणाऱ्या कोंबडीचा तुरा लाल, मोठा व मऊ असतो. अंडी बंद झालेल्या कोंबडीचा तुरा आक्रसतो व फिकट पडतो. गुदद्वार कोरडे व आखूड दिसते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये दोन बोटेही मावत नाहीत. पिवळ्या कातडीच्या जातींत चोच व पाय पुन्हा पिवळे होऊ लागतात. खुडूक बसलेली कोंबडी मात्र निकामी समजू नये. काही दिवसांनी ती पुन्हा अंड्यावर येते. आजारी वा मेलेली कोंबडी कदापि खाऊ नये. औषध दिले असल्यास वेष्टनावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत कोंबडी कापू नये.

इटलीशी जुने नाते

आपल्याकडे अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेली पांढरी लेगहॉर्न ही जात मूळची इटलीची. तेथील तोस्काना प्रांतातील लिव्होर्नो बंदरास इंग्रज लोक लेगहॉर्न म्हणत. त्यावरूनच हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात या कोंबड्या तेथून अमेरिकेत गेल्या व पुढे जगभर पसरल्या. इटलीतील खेडुतांच्या घरी चिवट कोंबडी शिजविण्याची जी पद्धत आहे तिला ‘आला काच्चातोरा’, म्हणजे ‘शिकाऱ्याच्या रीतीची’ असे म्हणतात. कांदा, टोमॅटो व थोडे मद्य घालून मंद विस्तवावर दीर्घकाळ शिजविणे, हेच तिचे मर्म.

सांताक्रूझच्या गृहिणीस ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. कलिना व वाकोला हा परिसर पूर्वीच्या कोळेकल्याण गावचा. एके काळी येथे भातशेती होती. येथील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या स्वयंपाकात व्हिनेगर पूर्वापार वापरात आहे. मद्याऐवजी तेच वापरले म्हणजे काम भागते. ऑलिव्हच्या महागड्या तेलाचीही गरज नाही. शेंगदाण्याचे तेल चालते.

साहित्य (पाच माणसांसाठी)

साफ केलेली कोंबडी १ किलो, पिकलेले टोमॅटो अर्धा किलो, कांदे २, गाजर १, भोपळी मिरची १, लसूण ८ पाकळ्या, तेल ३ मोठे चमचे, व्हिनेगर २ मोठे चमचे, ओव्याची पाने २ किंवा तमालपत्र १, मिरपूड, साखर अर्धा चहाचा चमचा व मीठ.

कृती

१. कोंबडीचे आठ-दहा तुकडे करावेत. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या थेंबांबरोबर रोगजंतू भांड्यांवर पसरतात. मांसाची सुरी व पाट भाजीसाठी वापरू नयेत. हात साबणाने धुवावेत.

२. तुकडे फडक्याने कोरडे करून मीठ व मिरपूड लावावी. तेल तापवून थोडेथोडे तुकडे तांबूस परतावेत व काढून ठेवावेत. एकाच वेळी सर्व तुकडे घातल्यास पाणी सुटते व रंग येत नाही.

३. त्याच तेलात कांदा, गाजर व लसूण मऊ होईपर्यंत परतावे. व्हिनेगर व अर्धी वाटी पाणी घालून भांड्याच्या बुडाशी लागलेला अंश खरवडून घ्यावा. रश्श्याची खरी चव त्यातच असते.

४. चिरलेले टोमॅटो, ओव्याची पाने, साखर, कोंबडीचे तुकडे व एक वाटी पाणी घालून झाकण ठेवावे. मंद विस्तवावर दीड ते दोन तास शिजवावे. प्रेशर कुकरमध्ये शिटी झाल्यावर मंद आचेवर सुमारे २५ मिनिटे पुरतात. बाजारातील कोवळी ब्रॉयलर कोंबडी असल्यास उघड्या भांड्यात ४० मिनिटांत शिजते.

५. शेवटच्या पंधरा मिनिटांत भोपळी मिरची घालावी व रस्सा दाट होऊ द्यावा. मांस हाडापासून सहज सुटले की पदार्थ तयार झाला असे समजावे.

वयस्क कोंबडीच्या स्नायूंभोवती चिवट तंतू अधिक असतात. घाईने मोठ्या आचेवर शिजविल्यास मांस आक्रसून अधिकच घट्ट होते. मंद ओल्या आचेवर मात्र हेच तंतू विरघळून रस्सा दाट करतात. म्हणून वय हा येथे दोष न राहता गुण ठरतो. टोमॅटो व व्हिनेगर आंबट असल्याने भांडे स्टीलचे अथवा चांगली कल्हई केलेले पितळेचे असावे.

उत्तर इटलीत हा रस्सा मक्याच्या भरड्याच्या घट्ट कण्हेरीबरोबर खातात. आपल्याकडे तांदळाची भाकरी, भात वा पाव यांबरोबर तो शोभतो. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत थंड जागी ठेवावा व पुन्हा उकळूनच वाढावा.

टोमॅटो स्वस्त असतात त्या दिवसांत हा पदार्थ अवश्य करून पाहावा. खुराड्यातील खर्च वाचेल आणि वाढत्या वयाच्या मुलांना उत्तम प्रथिनांचा आहारही मिळेल.